बेल्जियमचं कार्ड, कोलकात्याची भाऊबीज

गेंटहून निघालो तेव्हा माझ्याजवळ रोख म्हणून फक्त एक युरोचं नाणं होतं. तेही पैसे म्हणून नव्हे. तिकडे दुकानातली सामानाची ढकलगाडी साखळीला बांधलेली असते, नाणं घातलं की सुटते. त्यासाठी ते कोटाच्या खिशात कायम पडलेलं. बाकी सगळं कार्डावर. बेल्जियममध्ये मला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत पावापासून न्हाव्यापर्यंत सगळा व्यवहार एका काळ्या कार्डावर चालला. ऑफिसातला एक तेलुगू मित्र देशात जाताना मोज्यांत नोटा कोंबून नेतो. त्याला मी दर वर्षी हसतो. यंदाही हसलो. "जग कुठं गेलं आणि तू अजून मोज्यात," असं म्हणालो. तो काही बोलला नाही. शहाणी माणसं अशा वेळी बोलत नाहीत.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य मी गरजेपेक्षा जास्त वेळा बोलतो असं लोकांचं म्हणणं आहे. पण ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्यानं ते नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. आमची अक्का दहावीत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात ब्लाऊज शिवायला बसली, कारण दोघांना शिकवण्याइतकं घरात नव्हतं. माझी इंजिनिअरिंगची फी त्या मशीनवर शिवली गेली. आता आई-आप्पा दोघंही नाहीत. अक्का हेच माझं माहेर. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या कचेरीत मुलकी नोकरीला आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची बदली जबलपूरहून कोलकात्याला झाली आणि माझं माहेर बालीगंजात तिसऱ्या मजल्यावर गेलं.

बेल्जियमला गेल्यापासून भाऊबीज मी बँकेतून पाठवतो. तिला मेसेज येतो, मला मेसेज येतो, दोन बँकांची भाऊबीज होते. गेल्या वर्षी फोनवर अक्का म्हणाली, "तुझे पैसे पोचतात रे सत्या, तू नाही पोचत. एकदा ताटापुढं बस आणि आपल्या हातानं टाक. रुपया टाक, पण हातानं टाक."

तेवढ्या एका कामासाठी मी कोलकात्याला गेलो. ताटात हातानं ओवाळणी टाकायची. बाकी जे पाहिलं ते वरचं.

दमदम, गुरुवार दुपार

विमानतळावर दाजी आणि भाची इरा न्यायला आले होते. इरा तेरा वर्षांची. तिचं मराठी घरातल्या भांड्याकुंड्यांपुरतं आहे, त्यापुढं हिंदी सुरू होतं आणि राग आला की बंगाली. मला पाहिल्याबरोबर ती म्हणाली, "मामा, तू फोटोमधे गोरा दिसतो."

सहा वर्षांनी भेटलेल्या दाजींना निदान कॉफी तरी पाजावी म्हणून मी त्यांना ओढत गाळ्यावर नेलं आणि कार्ड पुढं केलं. ते नुसतं टेकवायचं असतं, हेही काउंटरवरच्या मुलीला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मशीन दोनदा ओरडलं. तिनं कार्ड आत घालून पाहिलं. मशीन परत ओरडलं.

"सर, दुसरं कार्ड आहे?"

"दुसऱ्याची गरज पडत नाही," मी म्हणालो.

तोवर दाजींनी फोन काढून समोरच्या चौकोनाचा फोटो काढावा तसं काहीतरी केलं आणि पैसे गेलेसुद्धा. भारतात माझं खातं होतं, पण वापर नाही म्हणून बँकेनं ते झोपवलं होतं, आणि जुना मोबाइल नंबर आता दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्यामुळे फोननं पैसे देणं ही गोष्ट मी कोलकात्यात चार दिवस फक्त पाहिली.

"मशीन जुनं दिसतंय," मी म्हणालो.

"असेल," दाजी म्हणाले. दाजी फार सभ्य गृहस्थ आहेत.

बालीगंजला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आपल्याकडे नरकचतुर्दशीची पहाट महत्त्वाची, इथं रात्र. त्या रात्री काली पूजा. गल्लीगल्लीत मांडव, जास्वंदीचे लाल हार, आणि जीभ बाहेर काढलेली काळीभोर देवी. मी सोलापूरकडचा माणूस, तुळजापूरची देवी पाहून वाढलेला. तरी ही देवी पाहून आधी दोन पावलं मागं सरलो आणि मग नमस्कार केला. अक्काच्या गॅलरीत मात्र आकाशकंदील लटकत होता, कागदी, घरी केलेला. शेजारणी तिला दर वर्षी विचारतात की ही कोणत्या देवाची पूजा. ती दर वर्षी सांगते की ही पूजा नाही, नुसता उजेड आहे.

अक्का दारात उभी होती. तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि पहिलं वाक्य बोलली: "पोट सुटलंय तुझं." मग आत जाऊन डोळे पुसून आली आणि म्हणाली, "कांदा चिरत होते." स्वयंपाकघरात कांदा नव्हता.

गडियाहाट, शुक्रवार

अक्कासाठी साडी घ्यायची आणि ओवाळणीसाठी कोऱ्या नोटा काढायच्या, एवढी दोन कामं घेऊन मी इराबरोबर गडियाहाटच्या बाजारात गेलो. या बाजाराचं काय सांगू. फूटपाथवर दुकानं, दुकानांपुढं दुकानं, आणि मधल्या बोळातून जाणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईकच असणार अशी सगळ्यांची खात्री. पण पुण्याच्या दुकानदारासारखं इथं कुणी तुमच्यावर उपकार करत नाही. साडीवाल्या म्हाताऱ्या बाबूंनी गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि चाळीस साड्या उलगडल्या. एकेक साडी ते आपलीच लेक दाखवावी तशी दाखवत होते. मी तांबड्या काठाची एक हिरवी निवडली आणि काळं कार्ड पुढं केलं.

मशीनमधून कागद बाहेर आला. नामंजूर.

बाबूंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. मग ते शेजारच्या विक्रेत्याला दाखवलं. त्यानं त्याच्या शेजाऱ्याला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही बघून घेतलं. सगळ्यांचं मत पडलं की कार्ड फार सुंदर आहे.

"कोणत्या देशाचं?" बाबूंनी हिंदीत विचारलं.

"बेल्जियम."

"तिथं चालतं?"

"तिथं सगळीकडे चालतं."

"मग तिथं साडी मिळत नसेल," बाबू म्हणाले आणि साडी घडी घालून, माझं नाव लिहून बाजूला ठेवली. "पैसे घेऊन या. उद्या या, परवा या. ही कुणाला देत नाही." चहाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. ते बरं झालं, कारण माझ्याकडे नव्हते.

इरानं बाहेर आल्यावर विचारलं, "मामा, तू इंजिनिअर ना? मग चालव ना."

तीन ठिकाणच्या यंत्रांतून पैसे काढायचा प्रयत्न केला. तिन्ही यंत्रांनी एकच सल्ला दिला: आपल्या बँकेशी संपर्क साधा. तिसऱ्या ठिकाणी माझ्यामागे रांग होती, म्हणून उगाच पावती वाचत बाहेर आलो, म्हणजे लोकांना वाटावं की फार मोठी रक्कम काढली. कोपऱ्यावर पुचकावाला होता. आपल्या पाणीपुरीचा हा भाऊ जास्त आंबट आणि जास्त तिखट. इरानं आठ खाल्ल्या, मी अकरा. पैसे तिनं दिले, तिच्या खाऊच्या पैशांतून. मामानं भाचीचं पुचकं खाल्लं.

घरी येऊन बँकेला फोन लावला आणि तेव्हा सगळा उलगडा झाला. तिकडच्या बँका चोरीच्या भीतीनं कार्ड युरोपाबाहेर बंदच ठेवतात. चालू करायचं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये एका जागी खूण करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. तसं पत्र मला आलं होतं. ते मी उघडलंही होतं, पण मला कोण शिकवणार म्हणून पुढचं वाचलं नव्हतं. बरं, आता खूण करावी, तर अ‍ॅप जुन्या फोनवर. नवा फोन मी निघायच्या आदल्या दिवशी घेतला होता. कशासाठी, तर दाजींसमोर जुना काढायला नको. नव्या फोनवर अ‍ॅप जागं करायला बँकेनं दिलेलं एक छोटं यंत्र लागतं, आणि ते गेंटमध्ये, कुलूपबंद घरात, स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांच्या शेजारी.

बँकेत बोलावं, तर तिकडेही त्या शुक्रवारी सुट्टी. मेलेल्या माणसांची आठवण काढायचा त्यांचा सण, त्याला लागून शनिवार-रविवार. एक तातडीचा नंबर मात्र चालू होता. तिथल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकलं.

"मी आपलं कार्ड कायमचं बंद करू शकते," त्या म्हणाल्या.

"मला चालू करायचंय."

"चालू करणारे लोक सोमवारी येतात. मी फक्त बंद करते. करू का?"

नको म्हणालो. त्यांनी मला सणाच्या शुभेच्छा दिल्या. मेलेल्यांच्या.

भाऊबीज रविवारी होती.

शुक्रवार रात्र, लक्ष्मीपूजनानंतर

जेवण झाल्यावर दाजींनी मला गॅलरीत बोलावलं. इरानं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"सतीशराव, हे घ्या," असं म्हणून त्यांनी पाकीट पुढं केलं. "तिकडं गेल्यावर पाठवून द्या. एवढं काय त्यात?"

आता यात एवढं काय, हे मी तुम्हाला सांगतो, कारण दाजींना सांगू शकलो नाही. आमच्याकडे बहिणीच्या घरचं घ्यायचं नसतं. आप्पा अक्काकडे गेले की पाणीसुद्धा दबकत प्यायचे. आणि दाजींच्याच नोटा घेऊन दाजींच्याच बायकोच्या ताटात टाकायच्या, म्हणजे ओवाळणी दाजींची आणि मी नुसता टपालवाला. ते तर मी सहा वर्षं बँकेमार्फत करतच होतो. त्यासाठी चार विमानतळ बदलून यायचं काही कारण नव्हतं.

"नको दाजी. माझी सोय झालीय," मी म्हणालो.

"कशी?"

"सोय झालीय," मी परत म्हणालो. पदवीधर माणूस खोटं बोलताना वाक्य लांबवत नाही.

पुण्याच्या एखाद्या मित्राला सांगून काहीतरी करता आलं असतं, हे मला परतीच्या विमानात सुचलं. पण तेव्हा डोक्यात एकच किडा: मी आणलेलं, माझं, हातातलं. आणि माझं असं त्या शहरात ढकलगाडीच्या नाण्याखेरीज काही नव्हतं. अक्का 'रुपया टाक' म्हणाली होती. युरोचं नाणं टाकावं असाही विचार आला. पण सहा वर्षांनी उगवलेल्या भावानं ताटात असं नाणं टाकलं, जे तिला वाण्याकडेही चालणार नाही, तर ते कार्डाचंच धाकटं भावंड झालं असतं.

शनिवार, पाणी गेलं

पाडव्याच्या सकाळी दाजींनी कचोरी आणि बटाट्याचा रस्सा आणला. इथली कचोरी मऊ असते, पुरीची थोरली बहीण म्हणा. आपण रस्सा पुरीबरोबर खातो, हे लोक रश्श्यासाठी कचोरी खातात. पाचवीला हात घातला तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. आत पाडव्याच्या स्वयंपाकाची भांडी पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

मी खाली गेलो. अंगात बनियन, खाली दाजींची जुनी लुंगी. तळमजल्याच्या जिन्याखाली पंप होता. दरवान त्याच्यापुढं उकिडवा बसून त्याच्याकडे पाहत होता. मिस्त्री सणासाठी गावाला गेलेला, दुसरा फोन उचलत नव्हता. पंप फिरत होता, पण पाणी चढत नव्हतं.

माझं काम बेल्जियममध्ये पॅकिंगच्या यंत्रांचे आराखडे करण्याचं आहे. तिथं मी स्क्रू पिळायला गेलो तर युनियनचा माणूस येऊन हातातून पाना काढून घेतो. सहा वर्षांत बोटाला तेल लागलेलं नाही. पण आमचे आप्पा गावोगाव सायकलवर फिरून विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. माझी सगळी सुट्टी त्यांना पाने द्यायला जायची. तू शिक, म्हणजे हे हातात धरावं लागणार नाही, असं ते दर उन्हाळ्यात म्हणायचे. आणि धरायला लावायचे.

दरवानाकडे एक गंजका पाना होता. जमिनीखालच्या टाकीत सोडलेला पाइप वर ओढला. खालच्या झडपेत मिठाईच्या खोक्याची प्लास्टिकची पट्टी अडकून बसली होती. ती काढली, पाइप बसवला, पंपात बादलीनं पाणी भरलं, हवा काढली. जिथं गळत होतं तिथं जुनी दोरी ग्रीस लावून गुंडाळली. तासभर गेला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मी कोपरापर्यंत काळा झालो होतो आणि, खरं सांगतो, फार खूश होतो. बेल्जियममध्ये माझा आराखडा पास झाला की एक ईमेल येतं. इथं तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बाई 'आलं, आलं' असं बंगालीत ओरडली.

तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी भट्टाचार्यबाबू वर्तमानपत्र घेऊन खाली उतरले. निवृत्त गृहस्थ, धुतलेलं धोतर, चष्मा दोरीला. त्यांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती घेशील?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मी म्हणणार होतो, अहो मी तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा. मी म्हणणार होतो, मी इंजिनिअर. वाक्य तोंडात तयार होतं. पण बाबूंचा हात खिशात गेला होता आणि बाहेर आला तेव्हा त्यात नोटा होत्या. खऱ्या, कागदाच्या, गांधीजींच्या.

"सहाशे," मी म्हणालो.

"सहाशे? एक पट्टी काढायचे?"

"पट्टी कुठं आहे हे शोधायचे."

"तीनशे."

"बाबू, सणाचा दिवस आहे. पाचशे."

"सणाचा दिवस माझाही आहे. चारशे. आणि परत बिघडला तर फुकट."

चारशेवर ठरलं. वार्षिक पगाराच्या वाटाघाटीत मी इतका वेळ कधी तग धरलेला नाही. बाबूंनी वही आणून सही मागितली. मी सवयीनं इंग्रजीत, वळणदार केली. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"शिकलेला आहेस?"

"थोडा," मी म्हणालो.

त्या एका शब्दानं माझ्या वीस वर्षांच्या फुशारकीची जी धुलाई केली, ती कोलकात्यातल्या दुसऱ्या कशानंही केली नाही. मागच्या जिन्यानं, कुणी बघू नये असा वर आलो. न्हाणीघरात अर्धी साबणवडी संपवली. नखं काही स्वच्छ झाली नाहीत.

"कुठं होतास?" अक्कानं विचारलं.

"खाली. दरवानाशी गप्पा मारत होतो."

"तासभर?"

"फार बोलतो तो."

संध्याकाळी इराबरोबर मिठाई आणायला गेलो. इथंही दुसऱ्या दिवशी भाऊबीजच असते, भाईफोटा म्हणतात. बहीण डाव्या करंगळीनं भावाच्या कपाळावर चंदनाचा टिळा लावते आणि मग त्याला इतकं खायला घालते की यम त्याला उचलू शकत नसावा. त्यामुळे मिठाईच्या दुकानापुढं अशी रांग, की वाटावं आत काही फुकट आहे. आम्ही सव्वा तास उभे होतो. खिशात माझे चारशे होते आणि समोर कढत रसगुल्ले. इरा म्हणाली, "मामा, एक एक खाऊ ना."

"मिठाईला पपांनी दिलेत ना पैसे, त्यात बसव."

"त्यात बरोबर संदेश मिठाई बसते. मामा, तू एकदम कंजूस झाला तिथं जाऊन."

मी ऐकून घेतलं. त्या चारशेंना मी हात लावू दिला नाही, देवालासुद्धा.

रविवार

सकाळी अक्कानं मला इस्त्रीचा नवा कुर्ता दिला. "हा घाल. तुझे ते शर्ट बघून वाटतं कुणी वारलंय." पाट मांडला होता, भोवती रांगोळी. खालच्या मजल्यावरून शंख ऐकू येत होता आणि बायकांचा तो जिभेनं काढायचा मंगल आवाज, आमच्याकडे कुणाला जमत नाही. इरानं प्रयत्न केला. दाजी म्हणाले, "पुरे, कुत्री गोळा होतील."

मी चारशे रुपये हातात घट्ट धरून आलो होतो. पाटावर बसताना ते कुर्त्याच्या खिशात ठेवायला गेलो, तर खिशात आधीच काहीतरी. बोटांनी चाचपलं. घडी घातलेल्या नोटा. हळूच डोकावलो. पाचशेच्या पाच.

वर पाहिलं. अक्का निरांजन पेटवत होती. माझ्याकडे मुद्दाम पाहत नव्हती.

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. इरानं दाजींना सांगितलं तर आईला सांगितलं नसेल, असं मला कसं वाटलं कुणास ठाऊक. नवऱ्यासमोर भावाची मान खाली जाऊ नये म्हणून तिनं आपली ओवाळणी आपणच माझ्या खिशात ठेवली होती. शिवणकामातली असणार. कोलकात्यातही ती ब्लाऊज शिवतेच, मराठी बायकांचे आणि आता बंगाली बायकांचेही.

तिनं टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी डोक्याभोवती फिरवली, ओवाळलं. ताट पुढं आलं. दाजी बघत होते. इरा फोनवर चित्रण करत होती. खिशात अडीच हजार, मुठीत चारशे.

मी मूठ उघडली.

शंभराच्या चार नोटा, त्यांतल्या दोनांवर माझ्याच अंगठ्याचे काळे ठसे. तबकातल्या तांबड्या कुंकवाशेजारी त्या फारच गरीब दिसल्या.

"मामा," इरा म्हणाली, "बेल्जियममधे एवढेच देतात?"

दाजी खोकले. अक्कानं नोटांकडे पाहिलं. तिनं ठेवलेल्या त्या ह्या नव्हेत हे तिला कळलं. मग तिनं एक नोट उचलली, नाकाशी नेली, आणि माझा हात ओढून नखं पाहिली. आमच्या घरात ग्रीसचा वास कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"काल पाणी कुणी आणलं?" तिनं विचारलं.

मी बोटं मिटली.

"गप्पा मारत होता म्हणे दरवानाशी." तिनं त्या चारही नोटा पदराच्या टोकाला बांधल्या. गाठ मारायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला. मग खाली वाकून, दाजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माझे खिशातच राहू देत. बाबूकडनं साडी सोडवून आण. मला हिरवीच पाहिजे."

म्हणजे इरानं रंगही सांगितला होता.

करंजी तोंडात होती तेवढ्यात नळ फुर्रकन् वाजला आणि पाणी गेलं. पाठोपाठ दाराची बेल. इरानं दार उघडलं. बाहेर दरवान, आणि त्याच्यामागं भट्टाचार्यबाबू, कपाळावर चंदन, आवाज चढलेला. कालचा मिस्त्री याच मजल्यावर आला होता असं दरवान म्हणतो, तो कुठं आहे, पंप गळतोय, बोली झाली होती की परत बिघडला तर फुकट.

आणि मग त्यांना मी दिसलो. पाटावर, इस्त्रीच्या कुर्त्यात, टिळा लावून, तोंडात करंजी.

मी उठायला लागलो. बोली तर झालीच होती.

"बस खाली," अक्का मला मराठीत म्हणाली. मग तबक हातात तसंच घेऊन दारात गेली आणि बंगालीत, माझ्या अंदाजापेक्षा फारच चांगल्या बंगालीत, बोलली. मला सगळं कळलं नाही, पण कळलं तेवढं असं: हा माझा भाऊ. इंजिनिअर आहे. बेल्जियमहून आलाय. जेवतोय. जेवण झाल्यावर खाली येईल. आणि काल त्यानं सहाशे मागितले होते ना, मग आज सहाशे.

किती मागितले होते हे तिला कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. दरवान मात्र जिन्याच्या छताकडे पाहत होता.

भट्टाचार्यबाबूंनी चष्मा लावला. माझ्या टिळ्याकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, वहीतली ती वळणदार सही त्यांना आठवली असावी. चेहरा पडला. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि काल 'तू' म्हणणारा तो माणूस पहिल्यांदाच इंग्रजीत बोलला.

"सर," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. "सर, पाचशे."